मेळघाट ते मेडिकल: रुग्ण हात बदलतो तिथल्या चुका आणि त्यांचा बंदोबस्त

धारणीच्या पलीकडच्या गावातून निघालेला अत्यवस्थ रुग्ण नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पोचेपर्यंत किती हातांतून जातो ते एकदा मोजून पाहा. आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर, १०८ गाडीतले डॉक्टर, उपजिल्हा रुग्णालय, अमरावतीचं इर्विन हे जिल्हा रुग्णालय, पुन्हा गाडी आणि मग मेडिकलच्या कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर. नातेवाईक वेगळेच. या सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं तरी रुग्णाला इजा होऊ शकते, कारण पहिल्याला ठाऊक असलेली गोष्ट तिसऱ्यापर्यंत पोचलेली नसते. दिलेलं इंजेक्शन पुन्हा दिलं जातं, चालू औषध मध्येच तुटतं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण साध्या अंगदुखीचा म्हणून पडून राहतो.

रुग्णसुरक्षा म्हटलं की लोकांना पोटात राहिलेला बोळा आठवतो. ग्रामीण भागात रोज होणाऱ्या चुका त्याहून साध्या असतात आणि बहुतेक अशा सांध्यांवरच होतात. म्हणून हा लेख रुग्णाच्या वाटेनेच जातो. काही भाग घरच्यांसाठी आहे, काही सिस्टर, डॉक्टर आणि आशांसाठी. पण दोघांनी दोन्ही वाचावं. सिस्टरने काय तपासायचं असतं हे ज्याला माहीत असतं, तोच नातेवाईक योग्य वेळी प्रश्न विचारतो.

घरून निघताना: एक पिशवी, एक पान, एक बोलणारा

घरात कुणाला शुगर, बीपी, मिरगी, सिकलसेल किंवा हृदयाचा आजार असेल, किंवा घरात गरोदर बाई असेल, तर एक प्लास्टिकची पिशवी कायम भरलेली ठेवा. निघायच्या घाईत शोधाशोध करून काही सापडत नाही. पिशवीत हे असू द्या:

१. जुने केस पेपर, तारखेप्रमाणे लावलेले, सगळ्यात नवा वर. एक्स-रे गुंडाळू नका, सरळ ठेवा.

२. चालू औषधांच्या स्ट्रिप, आहेत तशा. पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या नकोत. "बीपीची पांढरी गोळी घेतो" या वाक्याचा डॉक्टरला काहीच उपयोग नसतो, बाजारातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात. गोळ्या घेताना नाव आणि मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत राहू द्या, कापायची तर दुसऱ्या टोकाकडून.

३. एक पान, मोठ्या अक्षरात: आधारवर आहे तसं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वय, वजन किलोमध्ये, आजार, औषधं आणि ती कधी घेतो, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, आधीची ऑपरेशनं, घरच्या दोघांचे फोन नंबर.

वजनाचा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा असतो. लहान मुलाचा जवळजवळ प्रत्येक डोस वजनावर ठरतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, तोच आकडा पानावर चढवत राहा. सिकलसेलच्या रुग्णाने कार्डासोबत आपलं नेहमीचं हिमोग्लोबिन लिहावं. ज्याचं हिमोग्लोबिन एरवीच ७ असतं, त्याला ७ दिसलं म्हणून घाईने रक्त चढवायचं नसतं. ते १० च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन वेगळाच धोका उभा राहतो.

रक्तगट लिहिला तरी चालेल, पण त्यावर विसंबून कोणी रक्त देणार नाही आणि देऊही नये.

सोबत चार जण गेले तरी बोलायला एकच माणूस ठरवा. आजार सुरू झाला तेव्हा जवळ होता तो. एरवी एक म्हणतो ताप कालपासून, दुसरा म्हणतो परवापासून, आणि केस पेपरवर तिसरंच काहीतरी येतं.

आणखी एक. भगताकडे नेलं असेल, जडीबुटी दिली असेल, हाडवैद्याच्या पुड्या चालू असतील, तर ते सांगाच. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद झालं तर रुग्ण कोसळतो आणि कारण कुणालाच कळत नाही. इथे डॉक्टरांनाही एक विनंती: हे ऐकून रागावू नका. एकदा रागावलात की पुढचा माणूस लपवतो.

पोचल्यावर: नाव विचारायचं, सांगायचं नाही

"काकाजी, तुम्ही सुरेश ना?" असं विचारलं की तापाने गळालेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस "हो" म्हणतो. प्रश्न असा हवा: "काकाजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव? गाव कोणतं?" नाव आणि आणखी एक खूण, अशा किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय इंजेक्शन, रक्त, तपासणीचा नमुना, ऑपरेशन यांपैकी काहीही नाही. खाट नंबर ही ओळख नव्हे, दुपारी पंख्याखाली जागा मिळाली की रुग्ण खाट बदलतात. एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात आणि तीच तीच नावं फिरून येतात. वॉर्डात सारख्या नावाचे दोघे असतील तर दोन्ही केस पेपरवर लाल शाईने 'सारखं नाव' असं लिहा.

रक्ताचा नमुना घेतला की लेबल रुग्णाच्या खाटेपाशीच लावा. चार नळ्या खिशात टाकून टेबलाशी जाऊन नावं लिहिणं ही अदलाबदलीची सगळ्यात सोपी वाट आहे. बाळाच्या हातापायाला आईच्या नावाची पट्टी प्रसूतिगृहातच बांधा, बाहेर आणल्यावर नाही. बेशुद्ध रुग्णाच्या मनगटाला नोंदणी क्रमांकाची पट्टी बांधा.

हात धुण्याबद्दल लांबण लावत नाही. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, प्रत्येक रुग्णाच्या आधी आणि नंतर. ग्लोव्ह्ज घातले म्हणून हात धुणं माफ होत नाही, आणि एकच जोडी घालून तीन रुग्ण तपासणं हे हात न धुण्यापेक्षा वाईट.

औषध: चूक नेमकी कुठे शिरते

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा.

*पातळ पॅरासिटामॉल.* एकाच औषधाच्या तीन बाटल्या बाजारात असतात: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांचे थेंब, ज्यांच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. एका वेळचा डोस दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे ८ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम. ते पहिल्या बाटलीतून साधारण ५ मिली होतं, दुसरीतून अडीच मिलीच्या किंचित आत, थेंबांतून १.२ मिली. आता "एक चमचा द्या" एवढंच सांगितलं आणि घरात थेंबांची बाटली असली, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं, चौपटीहून जास्त. असं दोन-तीन दिवस चाललं तर यकृतावर येतं. म्हणून डॉक्टरांनी मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहावं, दुकानदाराने बाटलीवर मिलीची खूण करून द्यावी, घरच्यांनी स्वयंपाकघरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचं माप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरावी. दोन डोसांत साधारण ६ तास, दिवसाला चारहून जास्त नाही.

*ओआरएस.* मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ग्लासभर पाण्यात सगळं पाकीट ओतलं तर मीठ जास्त होऊन मूल आणखी सुकतं, दोन लिटरमध्ये कालवलं तर काम करत नाही. लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची बाटली धरा. कालवलेलं २४ तासांनंतर फेका.

*इन्सुलिन.* आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा १ मिलीत ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. पेन बिघडला म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने '१०' च्या खुणेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात आणि पहाटे रुग्ण घामाने भिजून बेशुद्ध सापडतो. उलट केलं, म्हणजे ४० ची कुपी आणि केशरी सिरिंज, तर १० ऐवजी ४ युनिट जातात आणि शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो. कुपी आणि सिरिंज एकत्र विकत घ्या, दोन्हींवरचा आकडा जुळवा. डॉक्टरांनी 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

आपल्या उन्हाळ्याचा विचार करा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या पुढे जातो आणि लाल परीच्या खिडकीपाशी ठेवलेल्या पिशवीत त्याहून जास्त. घरी फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबीबंद इन्सुलिन, वर ओलं फडकं, हे बऱ्यापैकी चालतं. फ्रिज असेल तर दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी. पीएचसीत हीच काळजी ऑक्सिटोसिनची, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या इंजेक्शनची. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. खोलीत तापून निघालेलं ऑक्सिटोसिन दिलं, रक्तस्राव थांबला नाही, तर दोष नशिबाला दिला जातो.

*सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूल.* प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये बाळाचं व्हिटॅमिन के आणि आईचा रक्तस्राव थांबवणारं मेथर्जिन शेजारी पडलेलं असतं. बाळाला मेथर्जिन टोचलं गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत. बाळाला झटके येतात, श्वास थांबतो. उपाय फुकटचा आहे: आईचा ट्रे वेगळा, बाळाचा वेगळा, आणि बाळाचं इंजेक्शन बाळाच्या वॉर्मरजवळच भरायचं. पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल वॉर्डाच्या उघड्या ट्रेमध्ये ठेवूच नका. ती थेट शिरेत गेली तर हृदय जागीच थांबतं. कुलपात ठेवा आणि दुसऱ्या सिस्टरने लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय सलाइनमध्ये घालू नका. भरलेली सिरिंज बिनलेबलची ठेवून कुठे जाऊ नये, चहालाही नाही.

*पुन्हा विरघळवलेल्या लसी.* गोवर-रुबेला, बीसीजी: पाणी मिसळल्याची वेळ कुपीवर लिहा, ४ तासांनी फेका. मिसळायचं पाणी त्याच लसीसोबत आलेलं हवं. टोला-पाड्यांवर फिरताना दुपारी उरलेली कुपी "एकच मूल राहिलं" म्हणून वापरण्याचा मोह होतो. जंतू वाढलेल्या त्या कुपीने मूल दगावू शकतं.

*मागून घेतलेली सुई.* "साहेब, एक सलाइन लावा, ताकद येईल." सोंगणीच्या दिवसांत ही मागणी रोजची. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला सलाइनचा उपयोग लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याहून जास्त नाही, वर शिरेला सूज आणि जंतू शिरायला वाट. जिथे गरज आहे तिथे लावाच, पण कॅन्युलावर (शिरेत बसवलेल्या नळीवर) तारीख लिहा, रोज पाहा. ती जागा लाल झाली, दुखली की नळी लगेच काढा.

सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा: वेळ लिहिली नाही तर उपचार चुकतो

जून ते ऑक्टोबर हे दोन्ही रुग्ण एकाच कॅज्युअल्टीत येतात.

साप चावल्यावर घरच्यांनी करायचं थोडंच आहे: माणसाला निजवा, चावलेला हात-पाय फळी बांधून हलू देऊ नका, अंगठी-कडं-जोडवी काढा, चावल्याची वेळ लिहा, १०८ ला फोन करा. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. दोरी आधीच बांधली असेल तर वाटेत खसकन सोडू नका. दवाखान्यात शिर धरून औषध तयार झाल्यावर डॉक्टर सोडतील. साप मारून आणायची गरज नाही, एकाच सीरमने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर उपचार होतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या मिटू लागल्या, अंगावर खूण नाही, तर मण्यारचा विचार आधी करा. तिचा दंश दुखत नाही.

दवाखान्यात २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी असते. साधी असूनही ती वारंवार चुकते. कारणं तीन: काचेऐवजी प्लास्टिकची नळी, साबणाने धुतलेली नळी, आणि मधेच उचलून हलवून पाहणं. नवी, कोरडी काचेची नळी, २ मिली रक्त, २० मिनिटं हात न लावता, मग एकदा तिरपी करून पाहायची. विषाची लक्षणं दिसली की सीरमच्या ८ ते १० कुप्या, साधारण तासाभरात. मुलाला कमी नाही. विष सापाने तेवढंच सोडलेलं असतं. कुपी जोरात हलवू नका, फेस होतो. सीरम सुरू करण्याआधी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून शेजारी ठेवा: मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, मुलाला दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. अंगावर गांधी, दम, बीपी उतरणं यांपैकी काही दिसलं तर आधी सीरम थांबवायचं, मग लगेच ॲड्रेनालिन. ते शोधत फिरण्यात गेलेली पाच मिनिटं भरून निघत नाहीत.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'सर्पदंश, सीरम दिलं' असं लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. किती कुप्या, कधी सुरू, कधी संपलं, चाचणी कधी केली, काय निघालं, हे हवं. पुढची चाचणी आणि पुढचा डोस ६ तासांच्या हिशोबाने ठरतो आणि तो हिशोब चिठ्ठीवरूनच लागतो.

फवारणीचं सांगायचं तर २०१७ चा यवतमाळचा हंगाम विसरण्यासारखा नाही. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. असा रुग्ण आला की आधी ग्लोव्ह्ज घालून त्याचे सगळे कपडे काढा, केस, नखं, काखा यांसह अंग साबण-पाण्याने धुवा. कपडे तसेच ठेवून सलाइन लावलं तर विष कातडीतून आत जातच राहतं, आणि सिस्टरलाही मळमळू लागतं. घरच्यांनी औषधाचा डबा किंवा लेबलचा स्पष्ट फोटो आणावा. "बोंडअळीचं औषध" म्हणून भागत नाही, त्यात चार प्रकारची रसायनं असू शकतात आणि प्रत्येकाला ॲट्रोपिन हा उतारा चालतोच असं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट या प्रकारचं कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिनच्या ०.६ मिलिग्रॅमच्या ३ ते ५ ॲम्प्यूल शिरेतून, मग दर ५ मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर थांबेपर्यंत. डोळ्यांच्या बाहुल्या पाहून डोस ठरवणं ही नेहमीची चूक. छाती, नाडी आणि बीपी पाहा. गाडीत ॲट्रोपिन तुटू देऊ नका. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी "आता बरा आहे" म्हणून सोडण्याआधी उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान उचलता येत नसेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत.

रक्त चढवताना

इथली चूक परत घेता येत नाही. रक्तपेढीतून पिशवी इन्सुलेटेड डब्यात आणा, बर्फाला थेट टेकवू नका, गरम पाण्यात बुडवू नका. आणल्यापासून ३० मिनिटांत सुरू करा, नाहीतर परत पाठवा. ४ तासांत संपवा. खाटेपाशी दोघांनी, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने रुग्णाच्या पट्टीशी जुळवायचं: नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत. पहिली १५ मिनिटं थेंब हळू आणि सिस्टर शेजारीच. थंडी, ताप, कमरेत दुखणं, "जीव घाबरतो" असं म्हणणं, लघवी काळपट होणं यांपैकी काहीही झालं तर आधी चिमटा बंद, मग डॉक्टरला हाक. पिशवी आणि नळी फेकू नका, ती रक्तपेढीत परत जाते. त्याच नळीतून दुसरं औषध किंवा ग्लुकोज द्यायचं नाही. नातेवाइकांनो, रात्री तुम्हीच शेजारी असता. या पाच खुणा पाठ करा.

रेफर करताना: चिठ्ठी, फोन, सिलिंडर

'पुढील उपचारासाठी रवाना' हे तीन शब्द लिहून रुग्ण पाठवणं म्हणजे त्याला नव्याने आजारी पाडणं. चिठ्ठीत इतकं हवं: आता काय झालंय, आधीचं काय, तपासून काय दिसलं (नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध), काय दिलं आणि नेमकं किती वाजता, आणि पुढच्यांकडून काय हवंय.

झटके आलेल्या गरोदर बाईचं उदाहरण घ्या. पीएचसीत मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १० ग्रॅम दिला जातो, दोन्ही कुल्ल्यांत ५-५. ॲम्प्यूल २ मिलीची, ५० टक्के, म्हणजे १ ग्रॅमची. एकूण १० ॲम्प्यूल. चिठ्ठीत हे नसेल तर डफरीनमध्ये (अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात) तोच डोस पुन्हा बसतो. गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडायचा थांबतो, श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम गाडीत हवंच. फोनवर सांगताना पलीकडच्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवावं. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी.

ऑक्सिजनचा हिशोब निघण्याआधी करा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटरने तो ५ तास जातो, १० लिटरने अडीच. काटा अर्ध्यावर असेल तर त्याच्याही निम्मा. धारणीहून सेमाडोहच्या जंगलातून परतवाड्याला उतरून अमरावती गाठायला चारेक तास सहज लागतात, मधे ट्रक उलटला तर किती ते सांगता येत नाही. म्हणून प्रवासाच्या दीडपट साठा, आणि सिलिंडर उघडायची चावी गाडीत आहे ना हे हाताने पाहणं. घाटात रेंज जाते, फोन आधी करा.

भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो. तिथे सुरक्षा म्हणजे लवकर हलणं. गरोदर बाईला तारखेच्या काही दिवस आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या जागेत) आणून ठेवा. पाऊस थांबायची वाट पाहू नका.

वॉर्डातली आग

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. तेव्हापासून तपासण्या वाढल्या, पण कागदावरची तपासणी आणि रात्री दोनची परिस्थिती यांत फरक असतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाच गोष्टी हाताने पाहा: बाहेरचं दार कुलूपबंद नाही, पॅसेजमध्ये मोडक्या खाटा नाहीत, एका एक्स्टेन्शन बोर्डावर दोन वॉर्मर नाहीत, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे, ऑक्सिजनचा मुख्य वाल्व्ह कुठे आणि तो कोण बंद करणार हे ठरलंय. बाळांच्या कक्षात रात्री एक तरी माणूस सतत आत हवा. बाहेरच्या टेबलावरून धूर उशिरा दिसतो.

घरी सोडताना

दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते. गाडी चारला निघणार असते, बिल व्हायचं असतं, आणि औषधं दीड मिनिटात समजावली जातात. इथे नेहमी होणारा घोळ म्हणजे एकच औषध दोन नावांनी. सरकारी दवाखान्यातून जेनेरिक ॲम्लोडिपिन मिळतं, गावच्या डॉक्टरकडची ब्रँडची गोळी घरात असतेच. म्हातारी दोन्ही घेते, बीपी उतरतो, रात्री न्हाणीत पडते, खुबा मोडतो. म्हणून सुट्टीआधी जुनी पिशवी उघडून तीन ढीग करा: चालू ठेवायची, बंद करायची, नवी. बंद करायच्या स्ट्रिपवर मार्करने मोठी फुली मारून द्या.

मग विचारा, "काकू, घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्याल, मला दाखवा." "समजलं ना?" या प्रश्नाला आपल्याकडे सगळे मान हलवतात. वाचता येत नसेल तर सूर्य, दुपारचं ताट, चंद्र काढून द्या. कोणत्या खुणेवर परत यायचं ते तीनच ओळींत लिहा. दहा ओळी कोणी वाचत नाही. ही चिठ्ठी आशाताईपर्यंत पोचली पाहिजे, फोटो काढून पाठवला तरी चालेल.

गडचिरोलीकडच्या मलेरियाच्या रुग्णाला १४ दिवसांचं प्रायमाक्विन देताना एक वाक्य जास्त बोला: लघवी चहासारखी काळी झाली तर गोळी बंद करून लगेच या. जी-६-पीडी (तांबड्या रक्तपेशींतलं एक एन्झाइम) कमी असलेल्या माणसात हे औषध रक्तपेशी फोडतं. गरोदर बाईला आणि तान्ह्याला ते द्यायचंच नाही.

चूक झालीच तर

आधी रुग्ण: देणं थांबवा, उतारा द्या, वरिष्ठांना बोलवा. मग नातेवाइकांना स्वतःहून सांगा, काय झालं आणि आता काय करत आहोत ते. लपवलेली चूक दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयकडून कळते आणि मग दगडफेक होते. नोंद त्याच पाळीत, वेळेसह, खाडाखोड न करता.

त्यानंतर 'कोण चुकलं' यावर थांबू नका. ३१ जानेवारी २०२१ ला, भंडाऱ्याच्या आगीनंतर तीन आठवड्यांनी, यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली. कर्मचाऱ्यांवर कारवाईने प्रकरण मिटवता येतं, पण अशा बूथवर विचारायचे प्रश्न वेगळे असतात. दोन बाटल्या एकाच टेबलावर का होत्या? लसीच्या कुपीवरचा व्हीव्हीएमचा (उष्णतेने लस खराब झाली का ते रंगाने दाखवणारा) चौकोन कुणी पाहिला का? थेंब पाजण्याआधी लेबल मोठ्याने वाचायची सवय का नव्हती? सॅनिटायझर टेबलाखाली, दुसऱ्या माणसाकडे, एवढ्या बदलाने ती चूक करायला जागाच उरत नाही.

औषधाचाच दुष्परिणाम वाटत असेल तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर कळवा. डॉक्टरच लागतो असं नाही, रुग्णाच्या घरचेही कळवू शकतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाड्याची मुलं किडनी निकामी होऊन नागपुरात दाखल झाली, तेव्हा कफ सिरपच्या नमुन्यांत डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीचं सिरप मुळात देऊच नये, आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा नको. मोठ्या मुलाला कोणतंही सिरप दिलं तर बाटली रिकामी झाली तरी मूल पूर्ण बरं होईपर्यंत ती आणि दुकानाची पावती ठेवा. बॅच नंबर बाटलीवरच असतो.